मित्रांच्या वाटचं बिल आणि तीन वर्षांची मुदत

इंदूरच्या रामबागेतून एका वाचकांचं सविस्तर पत्र आलंय. असं पत्र महिन्यात एखादं तरी येतंच. कोणी सहलीचं हॉटेल भरलेलं असतं, कोणी मैत्रिणीच्या केळवणाचं बिल. या वाचकांची हकीकत थोडक्यात अशी. शाळेपासूनचे चार मित्र एकाच वर्षी पन्नाशीला आले. चौघांनी मिळून विजयनगरच्या एका रेस्टॉरंटचा पार्टी हॉल घेतला आणि चारही घरचे पाहुणे धरून साठ जणांना जेवायला बोलावलं. ताट 2,000 रुपयांचं होतं. 1,20,000 आणि त्यावर पाच टक्के जीएसटी धरून बिल झालं 1,26,000. म्हणजे एकेकाच्या वाट्याला 31,500. सगळे पैसे वाचकांनी भरले: 20 जानेवारी 2023 ला 26,000 ॲडव्हान्स यूपीआयने आणि जेवणाच्या रात्री, 11 फेब्रुवारीला, उरलेले एक लाख कार्डाने. एका मित्राने आठवडाभरात आपला हिस्सा दिला. दुसरा आता पुण्याला असतो. त्याने ऑगस्ट 2024 मध्ये 6,500 पाठवले आणि नंतर गप्प बसला. तिसऱ्याने काहीच दिलं नाही, आणि गेल्या दिवाळीत विषय काढल्यावर म्हणाला, “अरे, पार्टी तर तू दिली होतीस ना?” वाचक विचारतात: नोटीस पाठवू का? पोलिसांत जाऊ का? की सोडून देऊ?

वाईट कोणाला म्हणायचं, मैत्रीत पैसा आणावा का, हे तुमचं तुम्ही ठरवलंच असेल. नसतं ठरवलं तर मला लिहिलं नसतं. मी थेट तारखेवर येतो. हे लिहितोय तेव्हा डिसेंबर 2025 सुरू आहे आणि तुमच्या हातात फार थोडे दिवस उरलेत.

कोर्टात दावा किती काळात दाखल करायचा हे सांगणारा मुदतीचा कायदा 1963 चा आहे. त्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद 23 पाहा: एकाने दुसऱ्यासाठी भरलेले पैसे परत मागायचे असतील तर मुदत तीन वर्षं, आणि ती मोजायची पैसे भरल्याच्या दिवसापासून. मित्राने नाही म्हटल्यापासून नव्हे, तुम्ही पहिल्यांदा मागितल्यापासूनही नव्हे. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, “त्याने या दिवाळीत नकार दिला, म्हणजे अजून तीन वर्षं आहेत ना?” नाहीत. मी पंचवीस वर्षं हे वाक्य ऐकतोय, आणि दर वेळी ते ऐकवणाऱ्याच्या फाइलमध्ये मुदत संपलेली तरी असते किंवा संपत आलेली तरी.

आता तुमच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे, तीच सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही पैसे दोनदा भरलेत. एक लाखाची मुदत 11 फेब्रुवारी 2026 ला संपते. पण ॲडव्हान्सच्या 26,000 ची मुदत 20 जानेवारी 2026 लाच संपेल, असा मुद्दा समोरचा वकील नक्की मांडेल. त्यावर आपल्यालाही बोलता येईल. हिस्सा ठरला तो पूर्ण बिल चुकतं झाल्यावर, असं म्हणता येईल. दाव्याचा हक्क नकारानंतर निर्माण झाला, असं म्हणून, हक्क निर्माण झाल्यापासून मुदत मोजणाऱ्या अनुच्छेद 113 कडेही बोट दाखवता येईल. हे युक्तिवाद कोर्ट मान्य करेलही. पण जो धोका आत्ता टाळता येतो तो युक्तिवादाच्या भरवशावर कशाला घ्यायचा? तुमची तारीख 20 जानेवारी, असंच धरून चाला.

आणि कृपा करून “उशीर माफ करून घेऊ” हा सल्ला कोणाकडून घेऊ नका. विलंब माफीचं कलम 5 अपिलांना आणि अर्जांना लागू होतं, मूळ दाव्याला नाही. एक दिवस उशीर झाला तरी दावा गेला. आजारपण, मुलीचं लग्न, ऑडिट, कुठलंच कारण चालत नाही. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुटी असली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, सवलत तेवढीच.

नोटिशीचं म्हणाल तर जरूर पाठवा, पण नोटिशीने मुदत थांबत नाही. रजिस्टर्ड पोस्टाची पावती हातात घेऊन निर्धास्त बसलेले लोक मी पाहिलेत. नोटीस गेली, उत्तर आलं नाही, दुसरी नोटीस गेली, आणि तेवढ्यात तीन वर्षं भरली. मला याचा राग येतो, कारण त्या प्रत्येक माणसाची बाजू खरी होती.

मुदत नव्याने सुरू करायचा एकच सरळ रस्ता आहे, याच कायद्याचं कलम 18. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने देणं लेखी मान्य करून सही केली, तर सहीच्या दिवसापासून पुन्हा पूर्ण तीन वर्षं मिळतात. समजा पुण्याच्या मित्राने 28 डिसेंबर 2025 ला सही केली, तर तुम्हाला 28 डिसेंबर 2028 पर्यंत वेळ मिळाला. तो कागद मोठ्या वकिली भाषेत असायची गरज नाही. एवढं पुरे: “दिनांक 11 फेब्रुवारी 2023 रोजी झालेल्या जेवणाच्या बिलातील माझ्या हिश्शाच्या 31,500 रुपयांपैकी 6,500 रुपये मी दिले असून 25,000 रुपये तुम्हाला देणे बाकी आहे.” खाली नाव, सही, तारीख. “आत्ता देऊ शकत नाही” असं त्याने पुढे लिहिलं तरी कबुली कबुलीच राहते, कायद्यात तसं स्पष्ट म्हटलंय. योग्य मुद्रांकावर घेतलात तर पुढे कोर्टात कागद दाखल करताना कोणी अडवणार नाही.

तुम्ही म्हणता, व्हॉट्सॲपवर त्याने लिहिलंय, “देतो रे, पुढच्या महिन्यात नक्की.” ते असणं चांगलंच आहे. पण मुदत वाढवायला कायदा सही मागतो, आणि चॅटमधल्या मेसेजला सही म्हणायचं का, यावर आपल्यासमोर वाद उभा राहील. कदाचित आपण जिंकू. 6,500 च्या यूपीआयचंही तसंच. अंशतः पैसे दिल्यावर कलम 19 खाली नवी मुदत मिळते, पण पैसे दिल्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीच्या लिखाणात हवी असते. मोबाइलवरच्या व्यवहारात ती अट कशी पुरी होते, हे त्या त्या कोर्टासमोर पटवून द्यावं लागेल. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर आज मला हा परिच्छेद लिहावाच लागला नसता.

तुमचं लाजणं मला कळत नाही असं नाही. मी याच गावातला. सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, रात्री अकराला चार मित्र उभे असतात. भुट्ट्याचा कीस एकाने दिला तर गराडूचे पैसे दुसरा देतो, आणि शिकंजीपाशी तिसरा खिशात हात घालायच्या आत चौथा त्याचं मनगट धरतो. तिथे हिशोब कोणी लिहीत नाही आणि लिहूही नये. तो हिशोब वर्षानुवर्षं आपोआप सारखा होत राहतो. पण साठ माणसांचं जेवण म्हणजे सराफ्यातली चक्कर नव्हे. सव्वा लाखाला मनगट धरायची रीत लावलीत, तिथे चूक झाली. हॉल बुक करताना चौघांनी पंचवीस-पंचवीस हजार आधीच एका खात्यात टाकले असते तर कोणाचाच कमीपणा झाला नसता.

तिसऱ्या मित्राचा “पार्टी तू दिलीस” हा बचाव पोकळ समजू नका. 1872 च्या करार कायद्याचं कलम 70 सांगतं की फुकट करायचा हेतू नसताना तुम्ही दुसऱ्यासाठी काही केलंत आणि त्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याने भरपाई द्यायची. सगळा भार त्या हेतूवर आहे. तुम्ही पाठवलेल्या चॅटमध्ये मला दोन मेसेज दिसले. 17 जानेवारीला याच तिसऱ्या मित्राने ग्रुपवर लिहिलंय, “हॉल फायनल करून टाक, चौघांत सारखं.” हा सोन्यासारखा मेसेज आहे, कारण यावर तोंडी करारच उभा राहतो आणि कलम 70 ची फारशी गरज उरत नाही. आणि 12 फेब्रुवारीच्या सकाळी तुम्ही स्वतः लिहिलंत, “मजा आली मित्रांनो. बिलाचं टेन्शन नको, बघू नंतर.” उलटतपासणीत हाच मेसेज तुमच्यापुढे धरला जाईल. “बघू नंतर” यावर आपण जोर देऊ, ते “टेन्शन नको” यावर देतील. माझ्या मते पहिला मेसेज भारी पडेल, शिवाय पहिल्या मित्राने आठवडाभरात आपला हिस्सा दिला हीसुद्धा ठरलेल्या वाटणीचीच खूण आहे. तो साक्षीला येईल का, हे त्याला आजच विचारा. नाही म्हणाला तर दुखावू नका, त्याला तिघांशीही संबंध ठेवायचे आहेत.

चॅट पुरावा म्हणून द्यायचं तर स्क्रीनशॉटचे प्रिंट पुरत नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. तोवर फोन बदलू नका, विकू नका, ग्रुप सोडू नका. रागाच्या भरात ग्रुप डिलीट करणारे अशिलही मला भेटलेत.

पोलिसांत जाऊ नका. फसवणुकीचा गुन्हा व्हायला सुरुवातीपासून बुडवायचा इरादा दिसावा लागतो. इथे एकाने 6,500 दिले आहेत आणि दुसरा हिशोबच नाकारतोय. ठाण्यात तुम्हाला दिवाणी मामला म्हणून परत पाठवतील, आणि त्यात घालवायला तुमच्याकडे दिवस नाहीत.

दावा इंदूरलाच चालेल. पुण्याच्या मित्रासाठी पुण्याला जावं लागणार नाही, कारण ठरलं इथे, जेवण इथे झालं आणि पैसेही इथेच भरले. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 20 त्यासाठी पुरेसं आहे. मागणी दोघांकडून मिळून 56,500 ची. प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहा, कारण ज्याने त्याने आपापला हिस्सा द्यायचं ठरलं होतं. दोघांवर मिळून एक दावा करायचा की दोन, हे तुमचे स्थानिक वकील कागद पाहून ठरवतील.

किती वर्षं लागतील, हे विचारू नका. लेखी जबाबाला कायदा तीस दिवस देतो, फार तर नव्वद. प्रत्यक्षात समन्स बजावण्यातच महिने जातात, विशेषतः माणूस दुसऱ्या राज्यात असेल तर. पंचवीस हजारांच्या दाव्यात चार वर्षं फेऱ्या मारलेले शिक्षक मी पाहिलेत, आणि त्यात त्यांची काडीची चूक नव्हती. म्हणून माझा आग्रह असा की दावा 20 जानेवारीच्या आत दाखल करा आणि लगेच लोक अदालतीत पाठवायची विनंती करा. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील होत नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. दाव्याआधीच लोक अदालतीत जायची सोयही आहे, पण तुम्ही तिच्या तारखेची वाट पाहत बसू नका. आधी मुदत वाचवा, मग बोलणी करा.

क्रम असा ठेवा. या रविवारी दोघांना फोन करा. पुण्याचा मित्र मला नरम वाटतो. त्याला पैसे मागू नका, फक्त वर दिलेल्या मजकुराच्या कागदावर सही मागा आणि मूळ कागद स्पीड पोस्टाने मागवून घ्या. मोबाइलवर आलेला फोटो पुरेसा धरू नका. त्याने सही दिली तर त्याच्यावर दावा करायची घाई उरत नाही, तुमची मैत्रीही कदाचित वाचते. तिसऱ्याला एक संधी द्या, आठ दिवसांची. सही आली नाही तर त्याच्यासाठी थांबायचं नाही, वकीलपत्र भरून टाका. मुदत उलटल्यावर त्याने आपण होऊन लेखी, सही करून पैसे द्यायचं वचन दिलं तर करार कायद्याचं कलम 25 तुम्हाला पुन्हा उभं करेल, पण आज “पार्टी तूच दिलीस” म्हणणारा माणूस तेव्हा असं वचन कशाला लिहून देईल?

 

आणखी एक. तुम्ही बिलाचा जो फोटो पाठवलाय तो थर्मल कागदाचा आहे. छपाई इतकी उडालीय की मला फक्त “60” आणि खालचे दोन आकडे वाचता आले, तारखेच्या जागी पांढरा पट्टा आहे. रेस्टॉरंटच्या मॅनेजरला भेटा, कार्डाच्या व्यवहाराचा क्रमांक दाखवा आणि टॅक्स इनव्हॉइसची सही-शिक्क्याची नवी प्रत मागा. ॲडव्हान्सची पावती वेगळी मागा. जीएसटीच्या नियमांमुळे त्यांना हिशोब अनेक वर्षं जपून ठेवावा लागतो, तेव्हा तो सापडायला हवा. हे काम फोनच्याही आधी, उद्या सकाळीच करा.