तुरुई म्हणजे सहा

प्रश्न : माझा मुलगा सहा महिन्यांपूर्वी नोकरीनिमित्त आसामात कोक्राझारला गेला. ऑफिसचा ड्रायव्हर असमिया बोलतो, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी घरी संथाळी बोलतात. मुलगा म्हणतो, "आई, मला तर दोन्ही सारख्याच वाटतात." या भाषा बहिणी-बहिणी आहेत का? आणि त्याने आधी कुठली शिकावी?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : बहिणी तर नाहीतच, लांबचं नातंही नाही. असमिया आपल्या घरची आहे, मराठीची चुलत बहीण. संथाळी मुंडा कुळातली. पण त्या कुळाची एक शाखा, कोरकू, महाराष्ट्रात नांदते आणि ती मला संथाळीच्या आधी भेटली होती.

लग्नापूर्वी मी मेळघाटात धारणीला शिक्षिका होते. वर्गातली कोरकू पोरं गोट्या त्यांच्या भाषेत मोजायची. सहाला 'तुरुई', दहाला 'गेल' एवढं माझ्या कानात बसलं. पुढे यजमानांची रेल्वेतली बदली फकिराग्रामला झाली. हे जंक्शन तुमच्या मुलाच्याच जिल्ह्यात येतं. तिथे एक संथाळ बाई अंडी विकायला दारावर यायची. पहिल्याच दिवशी टोपलीतून अंडी काढत मोजायला लागली : मित्, बार, पे, पोन, मोंडें, तुरुई... मी दाराला धरून उभीच राहिले. पुढे 'गेल' मीच म्हटलं! तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अंड्यांकडे. बहुधा मी जास्तीचं अंडं लांबवतेय असं वाटलं असावं. 'कोरकू' म्हणजे कोरो, माणूस, आणि त्याला अनेकवचनाचा 'कू'. संथाळ स्वतःला 'होड' म्हणतात, अनेकवचन 'होडको'. कुठे सातपुडा आणि कुठे भूतानच्या पायथ्याचा तो मुलूख.

असमियाचे आकडे याच्याशेजारी ठेवून बघा : एक, दुइ, तिनि... आणि दहाला 'दह'. पाण्याला 'पानी'. संथाळीत पाणी 'दाक्', पण त्यातला क् पुरता उच्चारायचा नाही, तो घशात अडवून सोडून द्यायचा. मला हे नीट जमायला वर्ष लागलं.

मुलाला असमिया परकी वाटते ती उच्चारांमुळे. तिथे 'च'चा 'स' होतो, त्यामुळे 'चाह' लिहितात आणि 'साह' म्हणतात. ड्रायव्हर 'साह' म्हणाला की चहाच विचारतोय. लिहिलेला 'स' मात्र ख आणि ह यांच्या मधून कुठून तरी खरखरत येतो. 'असम' हे नावच त्यांच्या तोंडून ऐकावं. त आणि ट यांत तर ते फरकच करत नाहीत. एवढं कानाला वळण लागलं की अर्धी भाषा आपलीच निघते. नकाराची तर गंमत आहे : 'न' क्रियापदाच्या पुढे लागतो आणि त्याच्या स्वराचा रंग घेतो. करोँ–नकरोँ, खाओँ–नाखाओँ, शुनोँ–नुशुनोँ, देखोँ–नेदेखोँ. आपल्या जुन्या मराठीतलं 'नेणे', म्हणजे 'न जाणे', आठवतं की नाही?

संथाळीची घडण अगदी वेगळी. एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचन असतं : दोन माणसं 'होडकिन'. कर्ता आणि कर्म दोघेही क्रियापदात शिरून बसतात. एका बाबतीत मात्र मराठी माणसाला तिथे घरच्यासारखं वाटतं. आपण 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे ठेवतो ना? संथाळीत ऐकणाऱ्याला धरून 'आबो', वगळून 'आले'. असमियात दोन्हींना 'आमि'.

आता फजितीची गोष्ट. शेजारच्या मुलीला मी विचारलं, "तोमार देउता कोत?" तुझे वडील कुठे? ती तोंडाला ओढणी लावून हसत सुटली. असमियात माझे वडील 'देउता', तुझे 'देउतारा', त्याचे 'देउताक'. नातं कुणाचं, ते शब्दाच्या शेपटालाच लागतं. हे अंडीवाल्या बाईला सांगायला गेले, तर तिला त्यात नवल वाटेना. तिच्याकडे तुझा बाप 'आपुम', त्याचा बाप 'आपात'. तिथल्याच बोडो या तिबेटी-बर्मी कुळातल्या भाषेतही तेच, फक्त खूण शब्दाच्या आधी : आफा, नोंफा, बिफा. म्हणजे कुळं तीन आणि खोड एकच. असमियाने ती शेजाऱ्यांकडून उचलली असावी, पण या संथाळांकडून नव्हे. ते बंगाल-बिहारकडून आसामात आले ते एकोणिसाव्या शतकात, काही शेतीसाठी, काही चहामळ्यांवर. माझा संशय बोडोवर आहे.

लिपीही निराळ्या. असमियाची बंगालीसारखी, पण तिचे र आणि व स्वतःचे. संथाळीसाठी पंडित रघुनाथ मुर्मू यांनी ओडिशातल्या मयूरभंजात 1925मध्ये ओल चिकी घडवली, अक्षरं तीस. रोमन लिपीतही ती लिहितात. संथाळी आठव्या अनुसूचीत आली ती 2003च्या घटनादुरुस्तीने, बोडोच्याच जोडीने. असमिया तिथे पहिल्यापासून आहे, आणि तिला अभिजात दर्जा मिळाला तो 3 ऑक्टोबर 2024ला, मराठीच्याच दिवशी.

मुलाने आधी असमिया शिकावी, तीन महिन्यांत बोलू लागेल. मावशींना मात्र उद्याच 'जोहार', म्हणजे त्यांच्यातला नमस्कार, म्हणावं, आणि पोळ्या मोजायला सांगाव्यात. सहाव्या पोळीला फोन तुमच्या कानाला असू द्या.