दिवसाला किती लागतात, हे आधी लिहून काढा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. दिव्यांग मुलांबरोबर काम करताना २२ वर्षं झाली. 'चालेल का, बोलेल का' हे पालक समोर बसून मोकळेपणाने विचारतात. डायपरचं मात्र निघताना, दाराशी चपला घालता घालता, आवाज खाली आणून विचारतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी त्याच विषयावर आहेत. म्हणून आज फक्त तीच घेते.

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी), वजन २७ किलो. परवडत नाही म्हणून दिवसाला दोन डायपरवर भागवते. मांड्यांत सारखं लाल होतं. लहान मुलांचा सगळ्यात मोठा साइझ आवळतो, मोठ्यांचा स्मॉल मांडीशी सैल पडून गळतो. डॉक्टर म्हणाले, सवय लावा. नक्की किती डायपर लागायला हवेत? (एक आई, निफाड)

ताई, दोनवर भागत नाहीये, हे तुमच्या मुलीची कातडीच सांगते आहे. दोन डायपर म्हणजे एकेक बारा तास अंगावर. या वजनाच्या मुलीला दिवसरात्र मिळून साधारण ७०० मिलिलिटर ते १ लिटर लघवी होते. डायपर ती शोषून घेतो खरा, पण आतली ओल आणि ऊब तशीच राहते, आणि त्यात शी झाली की कातडी काही तासांत सोलवटते. दिवसा दर ३-४ तासांनी, शी झाल्यावर लगेच आणि रात्रीसाठी एक चांगला जाड, असं धरलं तर बहुतेक मुलांचा हिशोब पाचच्या आसपास जातो. पण तुमच्या मुलीचा आकडा तिचाच असेल, आणि तो तुम्हालाच काढायचा आहे.

सात दिवस वही ठेवा. किती वाजता बदलला, शी होती का, कपडे-चादर भिजली का. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर त्यावर प्लास्टिकची पिशवी पसरून ओला डायपर तोला आणि कोऱ्याचं वजन वजा करा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलिलिटर. माझ्याकडे एक आई दुधाच्या हिशोबाची वही घेऊन आली होती. पुढून दूध, मागून मुलगा. 'मंगळवार, रात्री २.१०, ३४० ग्रॅम, चादर बदलली.' खाली पुन्हा, '५.४०, चादर बदलली.' ते पान डॉक्टरांनी दोनदा वाचलं आणि स्वतःहून चिठ्ठीवर लिहून दिलं, रोज ५, वैद्यकीय गरज. त्याआधी ती तीन वर्षं तेच तोंडी सांगत होती.

'सवय लावा' हा सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. आधी बद्धकोष्ठता तपासून घ्या. आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो, आणि कडक शीच्या कडेने पातळ शी झिरपत राहते. घरच्यांना वाटतं जुलाब होतायत. लघवीची तपासणीही करा. जेवणानंतर पाठीला आणि पायांना नीट आधार असलेल्या खुर्चीवर दहा मिनिटं बसवत गेलं, तर सेरेब्रल पाल्सीच्या कित्येक मुलांना निदान शीची वेळ साधते. पण ती साधेपर्यंत डायपर कमी करायचे नाहीत. सवय लागणं महिन्यांचं काम आहे, कातडी काही तासांत जाते.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. डायपर वाचावा म्हणून पाणी कमी पाजू नका. कित्येक घरांत हे होतं, कुणी कबूल करत नाही. त्याने लघवीला जंतुसंसर्ग होतो, शी कडक होते आणि गळती उलट वाढते.

साइझसाठी कंबर आणि मांडी टेपने मोजा, वयावर जाऊ नका. घरात असताना जाड सुती लंगोटात शोषून घेणारा वेगळा पॅड आणि बाहेर व रात्री डायपर, अशी जोडी २५ ते ३५ किलोच्या मुलांना बऱ्यापैकी बसते. पावडर नको. कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करून झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्या.

आता पैसे. एक डायपर ४० रुपयांना धरला तर रोज पाच, म्हणजे महिन्याला ६००० रुपये. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५पासून २५०० झाली, तीही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल तर. या दोन आकड्यांमधली दरी आया बारा-बारा तास डायपर न बदलून भरून काढतात. म्हणून पुढचं उत्तरही वाचा.

आमच्या गावात आणि शेजारच्या दोन वाड्यांत मिळून अशी सहा मुलं आहेत. ग्रामपंचायतीच्या दिव्यांग निधीतून डायपर द्या असं सांगितलं, तर 'यादीत बसत नाही' म्हणाले. व्हीलचेअर हवी तर सांगा, म्हणे. काय करावं? (एक वडील, जत तालुका)

दादा, तोंडी मागितलंत ना? तिथेच अडलं. तोंडी मागणीला तोंडी नकार मिळतो आणि दोन्ही हवेत विरतात.

ग्रामपंचायत असो, पंचायत समिती, जिल्हा परिषद की नगरपालिका, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. तो अनेक ठिकाणी मार्चअखेरीस घाईने संपवला जातो, आणि मग ज्याने मागितलं नाही त्याच्या हाती खुर्ची, घड्याळ किंवा भांडी येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. त्याच्या कलम २४मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांत उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत साधनं, औषधं आणि तपासण्या यांचा उल्लेख आहे, आणि जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचाही. 'डायपर' हा शब्द कायद्यात नाही. पण तसा 'कमोड खुर्ची' हाही नाही. मुलाला शाळेत जाता यावं, अंगावर जखम होऊ नये, यासाठी जे रोज लागतं ते साधनच, आणि अर्जात ते तसंच लिहायचं. 'मदत व्हावी ही विनंती' असं लिहू नका. 'वैद्यकीय गरजेनुसार लागणारे साहाय्यक साधन, दरमहा १५० नग, कंबर ६० सें.मी.' असं लिहा.

सहाही घरांनी वेगवेगळे अर्ज करा. प्रत्येकाला मुलाचं युडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र), डॉक्टरांची आकडा लिहिलेली चिठ्ठी आणि सात दिवसांच्या वहीची झेरॉक्स जोडा. एक समाईक अर्ज वरून द्या आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर विषय घ्यायला लावा. पोच घेतल्याशिवाय उठू नका, दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख. नकार आला तर तोही लेखी मागा. 'यादी' कुठली, तिची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा, सोबत गेल्या तीन वर्षांत हा ५ टक्के निधी कशावर आणि कुणासाठी खर्च झाला तेही. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. नुसता हा अर्ज गेल्यावरही पुष्कळदा कार्यालयाची भाषा बदलते. नाहीच बदलली तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. चौकशीच्या कामात त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

एकरकमी पैसे मागावेत की वस्तू? माझं मत, पैसे थेट खात्यात मागा. ठेकेदाराकडून एकदम आलेल्या खोक्यांत सगळ्यांना एकच साइझ निघतो, आणि सहातल्या चार मुलांना तो बसत नाही.

मागणी पुढे सरकते याचं एक उदाहरण देते. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी बायकांनी देशभर आवाज उठवल्यावर २०१८मध्ये शून्य झाला. डायपरवरचा १२ टक्के कर त्यानंतर सात वर्षं तसाच राहिला, २२ सप्टेंबर २०२५पासून तो ५ टक्के झाला. शून्य का नाही, हे आपण आता विचारायला हवं.

सोसायटीत वापरलेल्या डायपरवरून कुरबुर चालू आहे. (एक आजी, पुणे)

शी संडासात टाका, डायपर घट्ट गुंडाळून वर्तमानपत्रात बांधा आणि त्यावर मोठा लाल ठिपका काढा. ही पद्धत पुण्याच्या कचरावेचक ताईंनीच रुजवली आहे. ठिपका दिसला की पुडकं उघडायचं नाही, हे त्यांना कळतं. कुरबुर करणाऱ्यांना एवढं पुरे.

आम्ही लेस्टरला राहतो. मुलगा ७ वर्षांचा, ऑटिझम. इथे मोफत मिळतात, पण दिवसाला चारच. त्याला सहा लागतात. नर्स म्हणते चार हा नियम आहे. भारतात तेही नाही, म्हणून तक्रार करायला संकोच वाटतो. (एक आई, इंग्लंड)

संकोच बाजूला ठेवा. तुमचे चार गेले म्हणून निफाडच्या मुलीला मिळणार नाहीत.

ब्रिटनमध्ये मुलांसाठी जे मार्गदर्शन वापरतात त्यात 'साधारणतः २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही' असं आहे, पण पुरवठा तपासणीतून ठरलेल्या गरजेला पुरला पाहिजे, हेही त्यातच आहे. 'साधारणतः' हा शब्द गळाला की चारचा नियम होतो. तिथले पालक वर्षानुवर्षं याच आकड्याशी भांडत आले आहेत. फेरतपासणी लेखी मागा, वही जोडा, आणि चारच का, याचं वैद्यकीय कारण लेखी मागा. 'एरिक' आणि 'ब्लॅडर अँड बॉवेल यूके' या संस्था पालकांना यात मार्गदर्शन करतात. चिकाटीने काय होतं हे तिथेच दिसलं आहे. मोठ्या मुलांना संडासाच्या फरशीवर आडवं करून बदलावं लागतं, याविरुद्ध २००६मध्ये 'चेंजिंग प्लेसेस' मोहीम सुरू झाली, आणि जानेवारी २०२१पासून इंग्लंडमध्ये ठरावीक मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींत मोठ्या माणसाला पुरेल असा बाक आणि उचलायचं यंत्र असलेली खोली बंधनकारक झाली. पंधरा वर्षं लागली.

मुलगा ९ वर्षांचा, स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष). दर ३-४ तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालावा लागतो. शाळा म्हणते, आईने दिवसभर थांबावं, नाहीतर घरी न्यावं. (एक आई, चिंचवड)

दिवसभर थांबायची अट शाळेला घालता येत नाही. २०१६च्याच कायद्याचं कलम १६ शाळेला मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करायला सांगतं. शाळेला भीती असते ती 'मेडिकल प्रोसिजर' या शब्दाची, तेव्हा ती आधी घालवा. डॉ. जॅक लॅपिड्स यांनी १९७२मध्ये अमेरिकेत दाखवून दिलं की यासाठी निर्जंतुक खोली लागत नाही, स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरते. नवव्या वर्षी हाताची पकड ठीक असेल तर बरीच मुलं हे स्वतः शिकतात. शाळेकडे फक्त कडीचा संडास, पाणी, सामान ठेवायला एक फळी आणि मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं मागा. युरॉलॉजिस्टचं पत्र द्या, त्यात 'वेळ चुकली तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते' हे स्पष्ट असू दे. या मुलांना रबराची ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा लॅटेक्सचे हातमोजे नकोत. आणि कॅथेटरचाही महिन्याचा आकडा काढून वर सांगितला तसाच अर्ज करा.

आमदारांना निवेदन द्यायचं ठरलंय. गटातल्या काहींना वाटतं, डायपर बदलतानाचा व्हिडिओ टाकला तरच लोकांना कळेल. माझी मुलगी १४ वर्षांची आहे, बोलत नाही. (एक बाबा, चिपळूण)

नको, बाबा. बोलत नाही म्हणजे तिला कळत नाही असं नव्हे. दार उघडं राहिलं की ती मान फिरवते ना? तो तिचा नकार आहे.

दाखवायला तुमच्याकडे दुसरं पुष्कळ आहे. एका गटाने एकाच मुलाची महिन्याभराची रिकामी पाकिटं साहेबांच्या टेबलावर रचली होती. साहेबांनी विचारलं, 'किती मुलांची?' 'एकाची,' म्हटल्यावर त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. पाकिटं न्या, बिलं न्या, वह्या न्या. मुलींना नेऊ नका, नावंही घालू नका. निवेदनाच्या तक्त्यात 'मुलगी, वय १४, रोज ५, सध्या मिळतात ०' एवढी ओळ पुरते.