‘अनियमित ठोके’ की ‘लयदोष’?

प्रश्न असा आहे : तातडीच्या उपचारकक्षातील परिचारिकांसाठी ईसीजी वाचनाची मराठी टिपणे लिहिताना ‘अरिदमिया’ला (हृदयाच्या ठोक्यांच्या गतीतील किंवा क्रमातील बिघाडाला) ‘अनियमित ठोके’ म्हणावे, ‘अतालता’ म्हणावे, की आणखी काही?

‘अनियमित ठोके’ हा पर्याय सोपा वाटला तरी येथे तो टाळलाच पाहिजे. ईसीजीची पट्टी हाती येताच जे पाहायचे असते त्यात दोन ठोक्यांमधले अंतर सारखे आहे का, हा प्रश्न अगदी आरंभी येतो आणि ‘नियमित’, ‘अनियमित’ हे शब्द त्या निरीक्षणासाठीच राखून ठेवावे लागतात. व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियासारखा (व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे जलद ठोके) जिवावर बेतणारा विकार पट्टीवर बहुधा नियमितच दिसतो : क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या उत्तेजनाची पट्टीवरची लहर) ०.१२ सेकंदांहून रुंद, गती मिनिटाला १०० च्या वर, अंतरे जवळजवळ समान. पूर्ण हार्ट ब्लॉकमध्येही (वरच्या कप्प्यांचे विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचणे) ठोके मंद असतात, पण सहसा नियमित. उलट निरोगी तरुणाचे ठोके श्वास घेताना किंचित जलद आणि सोडताना मंद होतात. ते अनियमित खरे, पण तो विकार नव्हे. ‘विकार म्हणजे अनियमितता’ असे शिकलेली परिचारिका नेमकी घातक पट्टी निर्धास्तपणे बाजूला ठेवील, ही मला खरी भीती वाटते.

‘अतालता’ या शब्दातही तालाचा अभावच सुचवला जातो, म्हणून अडचण तीच राहते. मी ‘लयदोष’ सुचवतो. आपल्या संगीतात लय म्हणजे गती. त्यामुळे ठोके जलद असोत, मंद असोत वा विस्कळीत, हा शब्द सर्वांना सामावून घेतो. त्याच ओघात टॅकिकार्डियाला (जलद ठोक्यांना) ‘द्रुतलय’ म्हणता येईल, मात्र ब्रॅडिकार्डियाला (मंद ठोक्यांना) ‘विलंबित’ म्हणू नये, कारण विद्युतसंदेश पोहोचण्यास होणारा विलंब ही ईसीजीतली वेगळीच बाब आहे; तेथे ‘मंदलय’ बरा. फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या स्नायूंच्या विस्कळीत कंपनासाठी) ‘थरथर’ हा शब्द समजावताना उत्तम आहे, परंतु प्रत्यक्ष धावपळीत ‘व्हीएफ’ (व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन), ‘व्हीटी’ हीच नावे पुकारली जातात, तेव्हा टिपणांतही ती तशीच ठेवावीत.

रुग्णाच्या तोंडी येणारे ‘मध्येच ठोका चुकतो’ हे वाक्य तक्रार म्हणून जसेच्या तसे नोंदवावे. पट्टीवर मात्र बहुतेक वेळा ठोका चुकलेला नसून वेळेआधी पडलेला असतो, आणि त्यामागून येणारा विराम रुग्णाला चुकल्यासारखा जाणवतो; म्हणून निदानाच्या रकान्यात ‘अकाली ठोका’ असे लिहावे.