पाचारण, परतलेले लेख आणि बारूखचं रडगाणं

“देवानंच लिहायला सांगितलं असेल, तर दारं का बंद होतात?” माझ्याकडे येणारे ख्रिस्ती लेखक बहुतेक वेळा हाच प्रश्न घेऊन येतात. लेख परत आला की कुठल्याही लेखकाला वाईट वाटतं. विश्वासणाऱ्याला मात्र वर अपराधीही वाटतं, कारण खचणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं.

इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माहेर नगरचं, सासर इंदूरचं, शाळेतून निवृत्त. मंडळीची, म्हणजे त्यांच्या चर्चची, उपासना हिंदीत आणि काकू लिहिणार मराठीत. मननं, कविता, नाताळची गाणी. महाराष्ट्रातल्या एका मासिकाकडे लेख पाठवले, उत्तर नाही. इथल्या मराठी मंडळात वाचले, तर कुणी म्हणालं, “छान आहे, पण धर्माचं जरा कमी करा.” मंडळीत मुलाच्या आजारपणावरचा लेख वाचला. त्यात एक वाक्य होतं: ‘त्या रात्री मला प्रार्थना करता आली नाही.’ मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एक वडील म्हणाले, “अशानं दुर्बळांचा विश्वास डळमळतो.” त्यानंतर वह्या दिवाणात गेल्या.

आधी मी झोप, भूक आणि बाकीच्या दिवसाची चौकशी केली. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ दिवसभर मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर प्रश्न लेखनाचा राहत नाही. मग डॉक्टरांकडे जायला हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावरही फोन करता येतो. काकूंचं तसं नव्हतं. संडे स्कूलच्या मुलांत त्या छान रमत होत्या. वही उघडली की तेवढं हात गळून जायचे.

मग त्यांना एका कागदावर लिहायला सांगितलं: कोण काय बोललं, नेमक्या शब्दांत, आणि त्यातून तुम्ही काय ऐकलंत. पहिल्या रकान्यात तीन वेगळ्या गोष्टी आल्या. दुसऱ्यात तिन्हीपुढे एकच: ‘तुला पाचारण नाही,’ म्हणजे देवानं तुला लिहायला बोलावलेलंच नाही. काकू बराच वेळ कागद बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे तर कुणीच म्हटलं नाही.”

मासिकाच्या गप्प राहण्यातून काहीच कळत नाही, ते बाजूला ठेवलं. मंडळातला शेरा मात्र मला अगदीच टाकाऊ वाटला नाही. काकूंच्या लेखात ‘प्रभूच्या कृपेने सुटका झाली’ अशी वाक्यं फार होती. चर्चमध्ये वाढलेल्याला ती कळतात, बाहेरच्याला काही दिसत नाही. मी विचारलं, “त्या रात्री तुम्ही कुठे होतात?” एम. वाय. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, म्हणाल्या. मग तो व्हरांडा लेखात का नाही? धर्म कमी करायची गरज नव्हती, रात्र नीट लिहायची होती.

खरा घाव वडिलांच्या बोलण्याचा होता. इथे मी बायबलमधलं स्तोत्र 88 उघडलं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही, तरी पवित्र शास्त्रातून ते कुणी काढलेलं नाही. मग काकूंचं एक वाक्य राहायला काय हरकत आहे?

आणि बारूख. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा हा लेखनिक मला आवडतो. यहोयाकीम राजाने त्यानं लिहिलेली गुंडाळी चाकूनं कापून शेगडीत टाकली, मग दोघांनी ती पुन्हा लिहिली आणि तिच्यात भरही घातली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण यिर्मयाच्या पुस्तकाचा 45 वा अध्याय, अवघ्या पाच ओव्यांचा, कुणी फारसा वाचत नाही. त्यात बारूख कण्हून कण्हून थकल्याचं सांगतो. गंमत म्हणजे हे रडगाणं यहोयाकीमाच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षाचं, गुंडाळी जळाली पाचव्या वर्षी. म्हणजे कुणी नाकारण्याआधीच, लिहितालिहिताच तो खचला होता. देव त्याला मोठमोठ्या गोष्टींच्या मागे लागू नकोस म्हणतो, जीव वाचवीन म्हणतो. लेखणी काढून घेत नाही.

“माझंही आधीच सुरू झालं होतं,” काकू हळूच म्हणाल्या. “लेख पाठवायच्या आधीपासून.”

एक गोष्ट मी मुद्दाम टाळली. त्यांना धीर द्यायला लोक ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव घेत. टिळक 1919 साली ख्रिस्तचरित्रावरचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं ठेवून गेले आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं, हे नगरच्या लेकीला कुणी सांगायला हवं का? “त्या लक्ष्मीबाई, आणि मी?” एवढाच परिणाम व्हायचा. खचलेल्याला थोरांचं उदाहरण देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी वाचक शोधला. इंदूरच्याच छावणी भागात राहणाऱ्या त्यांच्या मंडळीतल्या एक आजी अंथरुणाला खिळल्या आहेत; हिंदी उपदेश कानावरून जातो, मराठी मात्र वाचतात. काकू रोज वीस मिनिटं त्यांच्यासाठी लिहू लागल्या, मोठ्या अक्षरात. आजी निरोप पाठवतात, कधी शब्द अडला म्हणून, कधी लांबलं म्हणून. मराठी मंडळातल्या एक बाईही आता कच्चा खर्डा वाचून कुठे कळलं नाही ते सांगतात. त्यांना तेवढंच विचारायचं, चांगलं की वाईट नाही, असं ठरलं आहे.

मासिकाचं उत्तर अजून नाही. व्हरांड्याचा लेख नव्यानं लिहून झाला, ते वाक्य तसंच ठेवून. मंडळीत पुन्हा वाचायचा का, हे काकूंचं ठरत नाही. आधी वडिलांच्या घरी जाऊन तो त्यांच्या हातात द्या, एवढं मी सुचवलं आहे. काकू म्हणाल्या, “नाताळ होऊ दे, मग बघते.”