वाचकांचे प्रश्न : समुद्राची उंची आकाशातून मोजताना

प्रश्न : समुद्रपातळी मोजणारा उपग्रहावरचा रडार-अल्टिमीटर (उंचीमापक) १३३६ किमीवरून रडार-लहरींचे पल्स सोडतो. बँडविड्थ (पल्समधल्या वारंवारतांचा पट्टा) ३२० मेगाहर्ट्झ, म्हणजे अंतरातली बारकाई सुमारे ४७ सेमी. मग '२ सेमीपर्यंत वाचन' येतं कुठून? (भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, कोल्हापूर)

४७ सेमी हे दोन वस्तू वेगवेगळ्या दिसण्यासाठी लागणारं अंतर झालं. इथे वस्तू एकच आहे, समुद्राचा पृष्ठभाग, आणि शोधायची आहे ती फक्त त्याची जागा. परतलेल्या पल्सची शक्ती वेळेनुसार मांडली की एक चढ दिसतो. आधी लाटांच्या माथ्यांवरून परतावा येतो, शेवटी खळग्यांतून. चढाचा मध्यबिंदू म्हणजे सरासरी पातळी. लाटा मोठ्या असतील तर चढ आडवा पसरतो, म्हणून त्याच चढावरून लाटांची उंचीही मिळते. एकटी पल्स बघाल तर नुसता खरखरीत गोंगाट असतो. पण सेकंदाला सुमारे २००० पल्स जातात. त्यांची सरासरी घेऊन त्यावर चढाचा ठरलेला आकार बसवला, की दर सेकंदाला, म्हणजे जमिनीवरच्या सुमारे ६ किमीला, २ सेमीच्या आसपासचं वाचन हाती येतं.

हा झाला गोंगाटाचा, म्हणजे नॉइजचा हिशेब. खरी कसरत पुढच्या दुरुस्त्यांमध्ये आहे. कोरडी हवा पल्सची वाट साधारण २.३ मीटर 'लांब' करते. आकडा मोठा असला तरी तो निरुपद्रवी आहे, कारण हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने चुकला तरी चूक २.३ मिमीचीच होते. बाष्पाची दुरुस्ती जास्तीत जास्त ४० सेमीच्या घरातली, पण ती तासातासाला बदलते. त्यासाठी उपग्रहावर वेगळा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर बसवावा लागतो. आयनोस्फिअरसाठी (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरासाठी) दोन वारंवारता वापरतात. हा परिणाम वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. त्यामुळे २०१३ मध्ये गेलेल्या भारत-फ्रान्सच्या 'सरल' उपग्रहाने ३५.७५ गिगाहर्ट्झ निवडून दुसरी वारंवारता वाचवली. त्या बदल्यात पाऊस आला की त्याचा सिग्नल जास्त मार खायचा.

आमच्या मते सगळ्यांत कच्चा दुवा लाटांचा आहे. खळगे रडारचा परतावा माथ्यांपेक्षा जास्त देतात, म्हणून पातळी लाटांच्या उंचीच्या ३ ते ५ टक्के खाली वाचली जाते. जुलैत अरबी समुद्रात ४ मीटरच्या लाटा असतील तर १२ ते २० सेमी. ही दुरुस्ती अजूनही मुख्यतः अनुभवसिद्ध तक्त्यांवर चालते.

प्रश्न : रत्नागिरीसमोरच्या एका ट्रॅकवरचे (उपग्रहाच्या वाटेवरचे) शेजारशेजारचे दोन बिंदू घेऊन उंचीच्या फरकावरून प्रवाह काढला. उत्तर सेकंदाला १ मीटर आलं, पुढच्याच बिंदूवर उलट दिशेने तेवढंच. कुठे चुकलं? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे)

सूत्र बरोबर आहे, चूक वजाबाकीत आहे. वेग = (गुरुत्वत्वरण ÷ कोरिओलिस गुणक) × पातळीचा उतार. १७ अंश उत्तरेला कोरिओलिस गुणक (पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम सांगणारा, अक्षांशाच्या साइनवर ठरणारा आकडा) सेकंदाला ४.२६ × १०⁻⁵ येतो, म्हणजे उताराला सुमारे २.३ लाखांनी गुणायचं. १०० किमीत १० सेमी उतार असेल तर प्रवाह सेकंदाला २३ सेमी. अगदी पटण्यासारखा.

आता तुमचे दोन बिंदू घ्या. प्रत्येकात २ सेमीचा नॉइज, म्हणजे फरकात २.८ सेमी. अंतर ६ किमी. गुणाकार करून बघा : सेकंदाला १.०८ मीटर. तुम्ही प्रवाह मोजलाच नाही, यंत्राचा नॉइज मोजलात! विकलन (जवळच्या बिंदूंतल्या फरकावरून उतार काढणं) नॉइज फुगवतं, त्याला इलाज नाही. म्हणून दोन बिंदूंची वजाबाकी सोडा आणि सलग १७ बिंदूंमधून (सुमारे १०० किमी) लघुतम वर्गाने सरळ रेषा बसवा. तोच २ सेमीचा नॉइज आता वेगात सेकंदाला ४ सेमीपेक्षा कमी चूक देईल. अर्थात १०० किमीपेक्षा लहान भोवरे त्यात पुसले जातात.

आणखी तीन गोष्टी तपासा. कच्ची उंची वापरू नका. तिच्यात जिओइडचे (गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या शांत समुद्राच्या पातळीचे) चढउतार असतात आणि भारताच्या दक्षिणेला तो १०० मीटरहून जास्त खोल गेलेला आहे. सरासरीपासूनचा फरक घेतलात तर उत्तरही प्रवाहातला फरकच असेल. पूर्ण प्रवाह हवा असेल तर त्यात सरासरी गतिक पातळी (कायमच्या प्रवाहांमुळे जिओइडपासून असलेली सरासरी उंची) मिळवा. दुसरं, एका ट्रॅकवरून ट्रॅकला काटकोनातला घटकच मिळतो. तिसरं म्हणजे साइनला अंश द्यायचे की रेडियन ते बघा. १७ रेडियनचा साइन ऋण ०.९६ आहे. प्रवाह उलट्या दिशेने आणि खऱ्याच्या एक तृतीयांशाहून कमी येईल, तरी नकाशा दिसायला छान दिसेल. ही चूक म्हणूनच लवकर सापडत नाही.

प्रश्न : 'स्वॉट' उपग्रहाच्या १० मीटरच्या दांड्याला कार्बन फायबरच का? ॲल्युमिनियम हलकंच असतं. (मेकॅनिकल अभियंता, नाशिक)

प्रश्न वजनापेक्षा लांबीचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नासा आणि फ्रान्सची अंतराळ संस्था सीनेस यांनी सोडलेला स्वॉट दांड्याच्या दोन टोकांवरच्या अँटेनांमध्ये येणाऱ्या सिग्नलच्या कलेतल्या (फेजमधल्या) फरकावरून उंची काढतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना १० ते ६० किमीपर्यंतचा पट्टा त्याला दिसतो. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सियसला लांबीच्या २३ दशलक्षांशाने वाढतं, म्हणजे १० मीटरला ०.२३ मिमी. ८९१ किमीवरून पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला त्याचा परिणाम उंचीत सुमारे १० सेमी. अंश एक, आणि मोजायचं होतं तेवढं सगळं गेलं! कार्बनचा धागा तापल्यावर लांबीच्या दिशेने किंचित आखडतो आणि रेझिन प्रसरतं. थरांचे कोन नीट निवडले की दोन्ही एकमेकांना जवळपास खोडतात. रेझिन हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि निर्वातात तो निघून जाताना दांड्याचं माप बदलतं, हे मात्र धरून चालावं लागतं.

दांडा कलण्याचा त्रास याहून मोठा. कोनाचा एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, कलला तर ६० किमीवर २९ सेमी चूक. इथे गणित मदतीला येतं. कलण्याची चूक बाजूच्या अंतराच्या सरळ प्रमाणात वाढते, दांडा लांबल्याची त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. समुद्राचे भोवरे यांपैकी कुठलाच आकार पाळत नाहीत. म्हणून जिथे दोन वाटा एकमेकींना छेदतात, तिथल्या उंचीच्या फरकात रेषा आणि परवलय बसवून या चुका वेगळ्या काढतात.

प्रश्न : अल्टिमीटरची पातळी आणि मुंबई बंदराच्या भरती-मापकाची पातळी जुळत का नाही? (भूगोलाच्या शिक्षिका, ठाणे)

बहुधा दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या गेल्यात. अल्टिमीटरच्या तयार फाइलमधून भरती-ओहोटी आणि हवेच्या दाबाचा परिणाम (१ हेक्टोपास्कलला १ सेमी) आधीच काढलेला असतो. मापकाच्या नोंदीत दोन्ही शाबूत असतात. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे तासाची नोंद थेट लावणं व्यर्थ आहे. मापकाची मासिक सरासरी घ्या आणि तीतून दाबाचा परिणाम वजा करा. उपग्रहाचे बिंदू किनाऱ्यापासून ३० ते ५० किमी आतले निवडा, कारण रेडिओमीटरच्या २०-३० किमी रुंद ठशात जमीन आली की बाष्पाची दुरुस्ती बिघडते.

तरीही ६२ दिवसांची लाट उरली तर ती समुद्राची आहे असं लगेच मानू नका. साधारण १० (नेमकं ९.९२) दिवसांनी परत येणाऱ्या उपग्रहाला १२.४ तासांची चांद्र भरती ६२ दिवसांची दिसते. किनाऱ्यालगत भरतीचं मॉडेल थोडं चुकलं की ती उरतेच. आणि मापक धक्क्याला बांधलेला असतो. धक्का वर्षाला १ मिमी खचला तर मापकाला समुद्र तेवढा चढलेला दिसेल, उपग्रहाला दिसणार नाही.