मादी कुत्र्यांच्या प्लेटलेट नरांपेक्षा कमी असतात का?

नाही. तुमची तीन वर्षांची लॅब्रॉडॉर १,२०,००० वर आणि तिचा सख्खा भाऊ २,८०,००० वर, दोघंही ठणठणीत, असं तुम्ही लिहिलंय. एवढी तफावत नर-मादी भेदाने पडत नाही. निरोगी कुत्र्यात एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दोन ते पाच लाख प्लेटलेट असतात. माद्यांची सरासरी काही पाहण्यांत उलट किंचित जास्तच भरते, पण ती इतकी किंचित की लॅबच्या रिपोर्टवर दोघांना एकच रेंज छापलेली असते.

मी जनावरांच्या लॅबमध्ये काम करते. असा रिपोर्ट आला की मी आधी विचारते, स्लाइड, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, मायक्रोस्कोपखाली बघितली का? शीर पटकन सापडली नाही, दोनतीनदा सुई टोचावी लागली, रक्त हळूहळू आलं, की रक्त गोठू न देणाऱ्या जांभळ्या झाकणाच्या नळीतसुद्धा प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. मशीन त्या गठ्ठ्याला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही आणि आकडा धाडकन खाली येतो. स्लाइडच्या निमुळत्या टोकाला मात्र हे गठ्ठे स्पष्ट दिसतात. ते दिसले तर तो आकडा सोडून द्या आणि पुन्हा रक्त घ्यायला सांगा. गठ्ठे नसतील तर १०० च्या लेन्सखाली दहा ठिकाणी मोजून सरासरी काढायची आणि तिला १५,००० ने गुणायचं. सरासरी १५ आली तर झाल्या सव्वादोन लाख. पाच मिनिटांचं काम आहे, आग्रहाने करून घ्या.

जातीचा फरक मात्र खरा असतो. ग्रेहाउंडच्या प्लेटलेट मुळातच कमी असतात. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये जनुकातल्या बदलामुळे त्या मोठ्या आणि थोड्या असतात, तरी रक्तस्राव होत नाही. लॅब्रॉडॉरमध्ये असं सहसा नसतं.

म्हणून स्लाइडवरही खरोखर कमी दिसल्या तर गोचिडांचा विचार करा. आपल्याकडे एर्लिकिया हा गोचिडांतून होणारा आजार फार आहे आणि कुत्रं वरून धडधाकट दिसत असतानाही प्लेटलेट उतरलेल्या असू शकतात. शरीराने स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करण्याचा आजार मात्र माद्यांत जास्त आढळतो, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला. हिरड्या आणि पोटाची कातडी रोज बघा. लाल ठिपके, जांभळे डाग किंवा नाकातून रक्त दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.