विडी वळणाऱ्या पाठीसाठी

प्रश्न : वय ५४. दिवसभर विड्या वळून मान-कंबर धरते. योगासनांची सुरुवात सूर्यनमस्कारांनी करू का? मॅट लागेलच का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, सूर्यनमस्कार सध्या राहू द्या. सुपावर वाकून बसलेल्या पाठीला आणखी वाकवायची घाई कशाला? आधी ताडासन, म्हणजे ताठ, सरळ उभं राहणं. मग पालथं झोपून सोपं भुजंगासन : कोपरं जमिनीवरच टेकलेली, छाती हलकेच वर, मान मागे फेकायची नाही, श्वास कोंडायचा नाही. शेवटी शवासन, म्हणजे उताणं पडून अंग सैल सोडणं. पोट रिकामं हवं. जेवणानंतर ३-४ तास तरी जाऊ द्या. मॅटचा खर्च कशाला? उभ्याची आसनं अनवाणी फरशीवर करा, झोपायच्या आसनांना आपली सोलापुरी चादर दुहेरी घाला. उभं राहिलात तर मात्र ती सरकते! उन्हाळ्यात पत्रे तापायच्या आत उरका. हाताला मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.